विकलेलं लोको पुढं कुठं जातं? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रवासी गाड्या ओढणारी डिझेल लोको (रेल्वेची इंजिनगाडी) पहिल्या मालकाकडून सुटली की नावं बदलतात, रंग बदलतात, कधी देशही बदलतात. त्यांचा माग कसा काढायचा, याबद्दल बरेच प्रश्न आले आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे.

प्रश्न : माझ्याकडच्या एका जुन्या फोटोत ॲमट्रॅक या अमेरिकेच्या प्रवासी रेल्वे कंपनीचं ५२० हे सहा ॲक्सलचं (चाकांच्या जोड्यांच्या आसांचं) लोको आहे. अलीकडच्या फोटोतही ॲमट्रॅक ५२० आहे, पण त्याला चारच ॲक्सल. एकाच लोकोची इतकी मोडतोड झाली असेल का?

उत्तर : नाही, ही दोन वेगळी लोको आहेत. ॲमट्रॅकनं १९७३-७४ मध्ये जनरल मोटर्सच्या ईएमडी या लोको बांधणाऱ्या विभागाकडून एसडीपी४०एफ जातीची १५० लोको घेतली आणि त्यांना ५०० ते ६४९ क्रमांक दिले. ती गेल्यावर क्रमांक मोकळे झाले. मग १९९१ मध्ये जनरल इलेक्ट्रिकची डॅश ८-३२बीडब्ल्यूएच आली, त्यांना ५०० ते ५१९ मिळाले. त्यापुढचे ५२० ते ५२७ हे जीपी३८एच-३ जातीच्या आठ लोकोंना गेले. तुमचा दुसरा फोटो त्यांच्यापैकी एकाचा आहे.

रंगवलेला क्रमांक भाड्याच्या खोलीच्या क्रमांकासारखा असतो. खोली तीच राहते, राहणारा बदलतो. म्हणून मागाची सुरुवात कारखान्यानं दिलेल्या बांधणी क्रमांकापासून करायची. ईएमडीच्या लोकोवर हा क्रमांक असलेली धातूची पाटी साधारणपणे कॅबच्या (चालकाच्या खोलीच्या) खाली, अंडरफ्रेमच्या (लोकोच्या खालच्या मुख्य सांगाड्याच्या) बाजूला असते. १९७० च्या दशकापासून ईएमडीनं ऑर्डर क्रमांक, मधे आडवी रेघ आणि त्या ऑर्डरमधला अनुक्रम अशी पद्धत ठेवली. ऑर्डर क्रमांकाचे पहिले दोन अंक बहुधा ऑर्डरच्या वर्षाकडे बोट दाखवतात. जनरल इलेक्ट्रिक मात्र सरळ पाच अंकी क्रमांक देत असे. दोन्हींत गल्लत होत नाही, हा मोठा फायदा.

पाटी गेलेली असेल तर? पाट्या चोरीला जातात, रंगाच्या थराखाली दबतात, संग्राहक काढून नेतात. अशा वेळी आधी कॅबमध्ये पाहायचं. अमेरिकेत प्रत्येक लोकोच्या कॅबमध्ये पारदर्शक आवरणाखाली तपासणीचं निळं कार्ड लावावं लागतं. त्यावर मालक, चालवणारी कंपनी आणि तपासणीच्या तारखा असतात. संग्रहालयात किंवा खुल्या प्रदर्शनात कॅबमध्ये जायची परवानगी मिळाली तर पहिला फोटो या कार्डाचा घ्या. त्यानंतर रंगाकडे वळा. घाईत दिलेल्या रंगाखाली जुन्या अंकांच्या कडा उठून दिसतात. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्या स्पष्ट वाचता येतात, भर दुपारी दिसतही नाहीत.

प्रश्न : आत बसलेल्या डिझेल इंजिनावरचा क्रमांक मी टिपला. तो कोणत्याच यादीशी जुळत नाही.

उत्तर : जुळणारही नाही. डिझेल इंजिन, चाकं फिरवणाऱ्या ट्रॅक्शन मोटर आणि बोग्या (डबे नव्हे, लोकोखालच्या चाकांच्या चौकटी) हा सगळा बदलता माल आहे. मोठ्या दुरुस्तीत लोको आठवडेच्या आठवडे थांबवून ठेवणं परवडत नाही. म्हणून तयार ठेवलेलं दुसरं इंजिन बसवतात आणि काढलेलं इंजिन दुरुस्त होऊन तिसऱ्याच लोकोत जातं. ब्रिटनच्या एचएसटी या वेगवान गाडीच्या दोन्ही टोकांना असणाऱ्या पॉवर कारमध्ये मूळ इंजिन पॅक्समनचं व्हॅलेंटा होतं. २००५ पासून त्यातल्या बहुतेकांत एमटीयूचं १६व्ही४००० बसलं. तिथं इंजिनाच्या क्रमांकावरून पॉवर कार ओळखायला गेलात तर हाती काहीच लागणार नाही.

ओळख धरायची ती अंडरफ्रेमशी. इंजिनाचा क्रमांक नोंदवा जरूर, पण ‘अमुक तारखेला या लोकोत हे इंजिन होतं’ एवढ्याच अर्थानं.

प्रश्न : टोरांटोच्या गो ट्रान्झिट या लोकल गाड्यांच्या संस्थेची १९६६ ची जीपी४०टीसी लोको १९८८ नंतर यादीतून गायब होतात. ती मोडीत निघाली का?

उत्तर : ती आठही लोको विकली गेली. हे उदाहरण आम्हाला फार आवडतं, कारण यात मागाचे जवळजवळ सगळे धडे आहेत.

लंडन, ऑन्टॅरिओ इथल्या जनरल मोटर्स डिझेलच्या कारखान्यात १९६६ च्या अखेरीस ही आठ लोको बांधली गेली. गो ट्रान्झिटनं त्यांना आधी ६०० ते ६०७ क्रमांक दिले, पुढं ते बदलले. १९८८ मध्ये ॲमट्रॅकनं सगळी घेऊन १९२ ते १९९ असे क्रमांक दिले. २००० च्या दशकात त्यांची पुनर्बांधणी झाली, टर्बोचार्जर (इंजिनात जादा हवा दाबून भरणारा भाग) निघाला, ३००० अश्वशक्तीची २००० झाली आणि जीपी३८एच-३ असं नाव पडलं. नवे क्रमांक ५२० ते ५२७. म्हणजे पहिल्या प्रश्नातलं चार ॲक्सलचं ५२० याच आठांपैकी आहे.

इथं दोन चुका नेहमी होतात. पहिली म्हणजे ६०० चं १९२ आणि १९२ चं ५२० असं क्रमानं लावून मोकळं होणं. कारखान्यात जे लोको आधी येतं त्याला आधीचा क्रमांक मिळतो, त्यामुळं क्रम मोडू शकतो. जोडी लावायची ती बांधणी क्रमांकावरूनच. दुसरी चूक म्हणजे जीपी३८ हे नाव वाचून ते साधं जीपी३८ समजणं. जीपी४०टीसीची अंडरफ्रेम मुद्दाम लांब केली होती, कारण डब्यांना वीज देणाऱ्या जनित्रासाठी जागा हवी होती. तिची लांबी ६५ फूट ८ इंच, तर साध्या जीपी४० ची किंवा जीपी३८-२ ची ५९ फूट २ इंच. टर्बो काढता येतो, नाव बदलता येतं, पण साडेसहा फूट अंडरफ्रेम कुणी उगाच कापत नाही.

ही लांबी फोटोवरूनही मोजता येते. ईएमडीच्या ब्लॉमबर्ग बोगीत दोन ॲक्सलच्या केंद्रांमधलं अंतर ९ फूट असतं. हीच आपली मोजपट्टी. लोकोला काटकोनात, शक्य तितक्या लांबून घेतलेला फोटो निवडा. संगणकावर दोन्ही बोग्यांतलं ॲक्सल ते ॲक्सल अंतर पिक्सेलमध्ये मोजून सरासरी काढा. मग एका कपलिंगपासून दुसऱ्या कपलिंगपर्यंतची लांबी मोजून तिला त्या सरासरीनं भागा. उत्तर ७.३ च्या आसपास आलं तर लांब अंडरफ्रेम, ६.६ च्या आसपास आलं तर साधी. फरक अकरा टक्क्यांचा आहे, त्यामुळं मोजताना दोन-तीन टक्के चुकले तरी निर्णय बदलत नाही. तिरप्या फोटोवर मात्र हे करू नका. जवळची बोगी मोठी आणि लांबची लहान दिसते, आणि दोन्ही मापांत दहा टक्क्यांहून जास्त तफावत आली तर तो फोटो बाजूला ठेवलेला बरा.

टर्बो गेला की नाही हे छतावरून कळतं. टर्बो असलेल्या ईएमडीला धुराचं एकच रुंद तोंड असतं, टर्बो नसलेल्या सोळा सिलिंडरच्या इंजिनाला दोन लहान तोंडं असतात. पुलावरून घेतलेला फोटो अशा वेळी दहा बाजूच्या फोटोंना भारी पडतो.

प्रश्न : एसडीपी४०एफ लोकोंचीच पुढं एफ४०पीएचआर झाली असं वाचलं. मग त्यांना एकच लोको धरायचं का?

उत्तर : धरू नका. ॲमट्रॅकनं बरीच एसडीपी४०एफ ईएमडीला बदल्यात परत दिली. त्यांचे वापरण्याजोगे भाग नव्या लोकोंत गेले, पण अंडरफ्रेम नवी आणि बांधणी क्रमांकही नवा. तुमच्या नोंदीत एसडीपी४०एफ चं आयुष्य ‘बदल्यात दिलं, भाग वापरले’ इथं संपतं.

सगळी मात्र तशी संपली नाहीत. १९८४ मध्ये ॲमट्रॅक आणि सांता फे रेल्वे यांच्यात अदलाबदल झाली. १८ एसडीपी४०एफ सांता फेकडे गेली, तिकडून २५ सीएफ७ आणि १८ एसएसबी१२०० शंटिंग लोको ॲमट्रॅककडे आली. सांता फेनं त्या अठरांना ५२५० ते ५२६७ क्रमांक देऊन एसडीएफ४०-२ असं नाव दिलं आणि मालगाड्यांवर लावलं. मालगाडीच्या कामात माणसांना पुढून चढउतार करावी लागते, म्हणून नाकाचे कोपरे कापून पायऱ्या केल्या. कापलेलं नाक दिसलं की ते या अठरांपैकी आहे हे नक्की. आज एकच एसडीपी४०एफ शिल्लक आहे, मूळचं ॲमट्रॅक ६४४, आणि तेही याच गटातून वाचलेलं.

उलट दिशेनं आलेल्या सीएफ७ चीही नोंद ठेवण्यासारखी आहे. ती सांता फेनं आपल्याच जुन्या एफ७ प्रवासी-माल लोकोंपासून क्लीबर्नच्या कारखान्यात बनवली होती. ॲमट्रॅककडे त्यांना ५७५ ते ५९९ क्रमांक मिळाले. म्हणजे सांता फेचं एफ७, मग सांता फेचं सीएफ७, मग ॲमट्रॅकचं ५७५ ते ५९९ मधलं एक, अशी ती साखळी.

प्रश्न : एका लोकोची बॉडी एफ४५ ची आणि कागदावर मात्र जीपी४०एफएच-२. खरं कोणतं?

उत्तर : कागद बरोबर आहे. मॉरिसन-नूडसन या कंपनीनं १९८० च्या दशकाच्या अखेरीस न्यू जर्सी ट्रान्झिट आणि मेट्रो-नॉर्थसाठी अशी लोको तयार केली. खाली जीपी४० ची अंडरफ्रेम, वर मालगाडीच्या एफ४५ ची बंद बॉडी. तुमच्या नोंदीत हे जीपी४० च्या पानावर जाईल आणि ‘बॉडी एफ४५ वरून’ असा शेरा पडेल. त्या एफ४५ च्या पानावर ‘मोडीत, बॉडी दिली’ असं लिहून त्याचं आयुष्य थांबवा. दोन्ही पानांवर जिवंत नोंद ठेवली तर पुढं कुणीतरी एकाच लोकोची दोन करून मोजतं. असं मोजलेल्या याद्या खूप आहेत.

प्रश्न : एफ४०पीएच स्टेशनवर उभं असतानाही पूर्ण जोरात गर्जत असे. आता त्याच बांध्याचं एक लोको पाहिलं, ते जवळजवळ मुकं आहे आणि बाजूला शटरचं दार आहे. हे काय आहे?

उत्तर : ते आता लोको राहिलेलं नाही. ॲमट्रॅकनं १९७६ पासून एकूण २१० एफ४०पीएच नवी घेतली, क्रमांक २०० ते ४०९. नवी जेनेसिस जातीची लोको आल्यावर ती हळूहळू कामावरून उतरली. त्यातल्या काहींचं इंजिन आणि ट्रॅक्शन मोटर काढून, आतल्या रिकाम्या जागेत सामान ठेवायची सोय करून, बाजूला शटरचं दार लावलं. दुसऱ्या टोकाला असलेलं खरं लोको गाडी ढकलतं आणि हे पुढं राहून नुसतं नियंत्रण करतं. यांचे क्रमांक वाचणं सोपं आहे, कारण जुन्या क्रमांकाआधी ९० लावलं आहे. ९०२३० म्हणजे मूळचं २३०. अपवाद ४०६ चा. ते ॲमट्रॅकच्या चाळिसाव्या वर्षाच्या प्रदर्शन गाडीसाठी बदललं गेलं आणि त्यानं जुनाच क्रमांक ठेवला.

आवाजाचं कारण असं, की मूळ एफ४०पीएच मध्ये डब्यांची वीज मुख्य इंजिनावरूनच घेतली जाई. ६० हर्ट्झची वीज स्थिर राहावी म्हणून गाडी उभी असतानाही इंजिन मिनिटाला ८९३ फेऱ्यांवर बांधलेलं असे. पुढच्या मालकांपैकी काहींनी डब्यांच्या विजेसाठी वेगळा लहान जनित्रसंच बसवला. कॅनडाच्या व्हिया रेलनं आपली एफ४०पीएच-२ लाशीनच्या सीएडी कारखान्यात अशीच बदलून घेतली. त्यामुळं ध्वनिचित्रफीत हाही पुरावा आहे. उभ्या लोकोचं मुख्य इंजिन सावकाश चालत असेल आणि त्याच वेळी दुसऱ्या लहान इंजिनाचा उंच पट्टीतला आवाज येत असेल, तर वेगळा संच बसला आहे. हा बदल कोणत्या तारखेनंतर झाला, हे जुन्या-नव्या चित्रफिती शेजारी ठेवून ठरवता येतं.

मालगाडीसाठी विकलेल्या लोकोत आणखी एक बदल होतो. एफ४०पीएच चं गिअर प्रमाण ५७:२० होतं, ताशी १०३ मैलांपर्यंत पळण्यासाठी. मालगाडीला वेग नको, ओढ हवी, म्हणून ६२:१५ करतात. हे बाहेरून दिसत नाही, पण विक्रीच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं. ‘६२:१५, हेड एंड पॉवर (डब्यांना वीज देण्याची सोय) काढलेली’ असं वाचलंत तर त्या लोकोचं प्रवासी आयुष्य संपलं असं धरा.

प्रश्न : ब्रिटनच्या एचएसटी पॉवर कारमध्ये २०० मिळवले की नवा क्रमांक येतो असं शिकलो. पण ४३४२३ चं गणित जमत नाही.

उत्तर : तुमचं शिकणं बरोबर आहे, अपुरं आहे इतकंच. १९७५ ते १९८२ दरम्यान १९७ पॉवर कार बांधल्या गेल्या, ४३००२ ते ४३१९८. एमटीयू इंजिन बसल्यावर ईस्ट कोस्ट आणि क्रॉसकंट्रीच्या गाड्यांवरच्या पॉवर कारना २०० मिळवून क्रमांक मिळाले, उदाहरणार्थ ४३००६ चं ४३२०६. ग्रँड सेंट्रल या कंपनीकडं मात्र सहा होत्या, आणि त्यांना ४३४०० च्या पुढचे क्रमांक दिले गेले. ४३०६५, ४३०६७, ४३०६८, ४३०८० आणि ४३०८४ यांच्यात ४०० मिळवले. सहावी ४३१२३, तिच्यात ३०० मिळवले, आणि ४३४२३ आली. सरसकट एक आकडा वजा करणारी तक्तापत्रकं नेमकी इथं चुकतात.

या सहांची खरी खूण मात्र क्रमांकात नाही, नाकाखाली आहे. १९८७ मध्ये ईस्ट कोस्ट मार्गावर नव्या विद्युत लोकोंच्या चाचण्यांसाठी आठ पॉवर कारना बफर बसवले होते. त्या १९७ पैकी बाकी कुठल्याच पॉवर कारला बफर नाहीत. सहा पुढं ग्रँड सेंट्रलकडं गेल्या, उरलेल्या दोन, ४३०१३ आणि ४३०१४, रुळांची देखभाल करणाऱ्या नेटवर्क रेलच्या मापन गाडीवर जुन्याच क्रमांकांनी राहिल्या. फोटोत क्रमांक वाचता आला नाही तरी बफर दिसले की १९७ वरून शोध आठांवर येतो.

परदेशी गेलेल्यांबद्दल : २०२३ मध्ये काही पॉवर कार आणि डबे मेक्सिकोच्या ट्रेन इंटरओसिआनिकोसाठी गेले. डबेही बरोबर गेले याला कारण आहे. एचएसटीच्या डब्यांना ४१५ व्होल्ट, तीन फेजची वीज लागते, आणि ती पुरवायला बरोबर त्यांचीच पॉवर कार असली की काम सरळ होतं. एचएसटीचा माग काढताना डब्यांचे क्रमांकही टिपा. पॉवर कारवर नवा रंग चढतो, डब्याच्या आतल्या पाट्या बऱ्याचदा तशाच राहतात.

प्रश्न : जर्मनीची व्ही२००.१ जातीची डिझेल-हायड्रॉलिक (विजेऐवजी द्रवातून ताकद चाकांना पोचवणारी) लोको ग्रीसला गेली होती. आता जर्मनीत फिरणारी त्याच जातीची लोको ग्रीसहून परतलेली आहेत की मुळात गेलीच नव्हती, हे कसं ठरवायचं?

उत्तर : क्राउस-माफाईनं १९६२ ते १९६५ मध्ये ही ५० लोको बांधली. १९६८ मध्ये संगणकी क्रमांक आले तेव्हा त्यांना २२१ हा वर्ग मिळाला. ग्रीसच्या ओएसई या रेल्वेनं १९८९ मध्ये २० घेऊन त्यांना ए-४११ ते ए-४३० क्रमांक दिले. काही अल्बानियालाही गेली. २००२ मध्ये प्रिग्नित्झर आयझनबान या खासगी कंपनीनं ग्रीसची लोको परत जर्मनीत आणली. त्यातली काही पुन्हा चालू झाली, काही सुट्या भागांसाठी संपली.

म्हणून प्रत्येक २२१ च्या पानावर आधी एकच प्रश्न सोडवा. त्याला १९८९ नंतर ए-४ नं सुरू होणारा क्रमांक होता का? परतल्यावर बऱ्याच लोकोंना जुना जर्मन क्रमांक पुन्हा मिळाल्यामुळं मधली वर्षं यादीत दिसतच नाहीत. १९९० च्या दशकात तुमच्या लोकोचा जर्मनीतला एकही तारीख असलेला फोटो सापडत नसेल तर शंका घ्यायला जागा आहे, पण फोटो नसणं हा पुरावा नव्हे.

प्रवासी काम का संपलं, हेही समजून घ्या. या लोकोंत डब्यांना उष्णता देण्यासाठी वाफेचा बॉयलर होता. विजेवर तापणारे डबे आले तसं त्यांना वीज पुरवणाऱ्या २१८ वर्गाचं काम वाढलं आणि यांचं घटलं.

युरोपातल्या आजच्या लोकोवर बारा अंकी क्रमांक असतो, आणि त्यात चूक पकडायची सोय आहे. पहिले दोन अंक जातीचे : ९२ म्हणजे ताशी १०० किलोमीटर किंवा जास्त वेगाचं डिझेल लोको. पुढचे दोन देशाचे : ८० जर्मनी, ८६ डेन्मार्क, ७६ नॉर्वे, ५५ हंगेरी. मग सात अंक लोकोचे आणि शेवटी एक तपासणीचा. ९२ ८० १२२१ १३५-७ हे घ्या. पहिल्या अकरा अंकांना डावीकडून २, १, २, १ असं गुणत जा. गुणाकार दोन अंकी आला तर त्याचे अंक मिळवा, १८ चे ९ होतात. सगळ्यांची बेरीज ३३ येते. पुढच्या दहाच्या पटीला, म्हणजे ४० ला, ७ कमी पडतात, आणि शेवटचा अंक ७ च आहे. पुसट फोटोतला एखादा अंक ३ की ८ असा अडला, तर दोन्ही घालून पाहा. एकच बसतो.

एक इशारा : देशाचा अंक नोंदणीचा देश सांगतो, लोको उभं कुठं आहे ते सांगत नाही.

प्रश्न : एखादं लोको कुठल्या देशात जाऊच शकणार नाही, हे आधीच ठरवता येईल का?

उत्तर : येतं, आणि हे आधी केलं तर शोधाचं अर्धं काम वाचतं. चार चाळण्या लावा.

पहिली, रुळांची रुंदी. कॅलिफोर्नियाच्या कॅलट्रेननं सप्टेंबर २०२४ मध्ये विजेवरच्या गाड्या सुरू केल्या आणि १९ डिझेल लोको व ९० डबे पेरूच्या लिमाकडे गेले. दोन्हीकडे १४३५ मिलिमीटर रुंदी आहे. भारतानं जुलै २०२० मध्ये बांगलादेशला डब्ल्यूडीएम-३डी जातीची १० लोको दिली, दोन्हीकडे १६७६. पनामा कालव्याची रेल्वे पूर्वी पाच फुटी रुंदीची होती. २००१ मध्ये ती १४३५ वर नव्यानं सुरू झाली, म्हणून तर ॲमट्रॅकची जुनी एफ४०पीएच तिथं धावू शकली. रुंदी जुळत नसेल तर बोग्या बदलाव्या लागतात. ते अशक्य नाही, पण महाग आहे, आणि त्याचा कागदोपत्री माग मागं राहतोच.

दुसरी चाळणी ॲक्सलवरच्या भाराची. एफ४०पीएच चं वजन सुमारे ११८ टन, म्हणजे प्रत्येक ॲक्सलवर २९.५ टन. युरोपातले बरेच मुख्य मार्ग २२.५ टनांचे आहेत. तिथं एफ४०पीएच दिसल्याचं कुणी सांगितलं तर आधी फोटो मागा. एचएसटी पॉवर कार ७० टनांची आहे, ॲक्सलवर १७.५ टन, तिला बहुतेक दारं उघडी.

तिसरी उंची-रुंदीची. ब्रिटिश लोको अंगानं लहान असतात, म्हणून इतरत्र सहज मावतात. उलटा प्रवास सहसा होत नाही. चौथी कपलिंग आणि विजेची, आणि ही सर्वांत कमजोर चाळणी आहे, कारण दोन्ही गोष्टी कारखान्यात बदलता येतात.

समुद्रमार्गे गेलेल्या लोकोसाठी सीमाशुल्काच्या नोंदी उपयोगी पडतात. डिझेल-इलेक्ट्रिक लोकोचं वर्गीकरण ८६०२.१० मध्ये होतं. डिझेल-हायड्रॉलिक ८६०२.९० मध्ये जातं, सुटे भाग ८६०७ मध्ये. व्ही२०० शोधताना ८६०२.१० चाळत बसलात तर दिवस वाया जातील.

प्रश्न : नवा रंग चढला म्हणजे नवा मालक आला, असं समजायचं का?

उत्तर : नाही. भाड्यानं घेतलेल्या लोकोलाही रंग देतात, आणि विकलेलं लोको जुन्याच रंगात कित्येक वर्षं धावतं. उत्तर अमेरिकेत क्रमांकाआधीची अक्षरं पाहा. ती एक्सनं संपत असतील तर मालक रेल्वे कंपनी नाही, भाड्यानं देणारी किंवा खासगी संस्था आहे. गो ट्रान्झिटची जुनी एफ५९पीएच आरबीआरएक्स अक्षरांखाली १८५२० सारख्या क्रमांकांनी फिरली. पुढचे १८ झाकले की गोचा जुना ५२० समोर येतो. नॉर्थ कॅरोलायनाच्या परिवहन खात्यानंही गोची एफ५९पीएच घेतली, पण त्यांना १८५९, १८९३ अशा सालांसारखे क्रमांक दिले. तिथं आकड्यांवरून काहीच निघत नाही, पाटीच पाहावी लागते.

मालकी ठरवायला सगळ्यांत भक्कम कागद सार्वजनिक परिवहन संस्थेच्या मंडळाचा असतो. करदात्यांच्या पैशानं घेतलेलं लोको विकायचं तर ठराव लागतो, आणि बैठकीच्या कागदपत्रांत बऱ्याचदा क्रमांक आणि किंमत असते. निविदेच्या सूचनेत लोकोची अवस्थाही लिहिलेली असते : चालू, बंद, इंजिनाविना.

प्रश्न : ‘मोडीत काढलं’ असं कधी लिहावं?

उत्तर : कापताना किंवा कापल्यानंतरचा तारीख असलेला फोटो असेल, किंवा मालकाचा तसा कागद असेल, तरच. भंगाराच्या आवारात उभं असणं पुरेसं नाही. तिथून परत विकली गेलेली लोको पुष्कळ आहेत. अशा वेळी ‘अमुक तारखेला अमुक आवारात पाहिलं’ एवढंच लिहा.

आणखी एक गोंधळ अमेरिकेत होतो. प्रदूषण कमी करण्यासाठी सरकारी अनुदान घेऊन जुनं इंजिन बदललं, तर ते निकामी केल्याचा पुरावा द्यावा लागतो. त्यासाठी ब्लॉकला तीन इंची भोक पाडून फोटो काढतात. ते फोटो पाहून लोकोच संपलं असं लिहिलं जातं. संपलेलं असतं ते इंजिन. अंडरफ्रेम नव्या इंजिनासह चालू असू शकते.

प्रश्न : नोंदीचं पान कसं आखावं?

उत्तर : वर बांधणारी कंपनी, बांधणी क्रमांक, मूळ जात आणि बांधणीचा महिना. खाली प्रत्येक घटनेला एक ओळ : तारीख, मालक, चालवणारा, अक्षरं आणि क्रमांक, ठिकाण, काय बदललं, पुरावा कोणता. मालक आणि चालवणारा हे दोन रकाने वेगळे ठेवा, एकत्र केले की भाड्याचा काळ हरवतो. पुराव्याला दर्जा द्या : पाटी किंवा मालकाचा कागद असेल तर अ, तारीख असलेला फोटो असेल तर ब, कुणाच्या यादीतून घेतलं असेल तर क. दोन याद्या जुळल्या म्हणून क चा ब होत नाही, कारण एक यादी दुसरीवरूनच उतरवलेली असू शकते.

फोटोच्या फाइलवरची तारीख तपासून घ्या. जुन्या पारदर्शिका (स्लाइड) स्कॅन केल्या की फाइलवर स्कॅनची तारीख पडते, आणि १९८५ चं लोको २०१० मध्ये धावताना दिसू लागतं. पारदर्शिकेच्या चौकटीवर छापलेला महिना असेल तर तो चित्र धुतल्याचा असतो, टिपल्याचा नाही. तो ‘या महिन्यात किंवा त्याआधी’ असा लिहावा.